लेओंसचा अक्रोड

"बाबा, तुम्ही झोपून होतात ना, तेवढ्यात मी तळघरातलं मोठं पिंप गळ्यापर्यंत भरून टाकलं!" जावई तिबोने सकाळी आनंदाने सांगितलं, आणि फिर्मां बूव्रेच्या हातातला पाव कॉफीत पडला. तो त्याने काढलासुद्धा नाही.

ओरडायलाही अंगात बळ लागतं. कंबर धरल्यामुळे फिर्मां आठवडाभर पलंगावर आडवा होता, आणि त्याआधी चाळीस वर्षं द्राक्षवेलींपुढे वाकलेला होता. माणूस थकला होता हो. रविवारी शेजारी येऊन त्या पिंपातली वाइन चाखतील, की तळघराची किल्ली लेक-जावयाच्या हाती द्यायची आणि स्वस्थ पडायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

"कशानं भरलंस?"

"तुमच्याच यंदाच्या साध्या पांढऱ्या वाइननं. केवढं रिकामं झालं होतं! आमच्याकडे बर्गंडीत पिंपात बोटभर जागा दिसली तर आजोबा काठी घेऊन मागे लागायचे."

तिथेच तर घोडं पेंड खातं. बर्गंडीत पिंप भरणं हा धर्म, आमच्या ज्यूरात ते पाप. आमची पिवळी वाइन सव्वासहा वर्षं पिंपात ठेवायची. ती आटते, तर आटू द्यायची. वर साय धरते आणि त्या सायीखाली तिला तिचा वास येतो. त्या सायीला धक्का लावायचा नाही, आणि वरून ओतायचं तर नाहीच नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे जावयाला कोणी सांगितलंच नव्हतं.

फिर्मां कंबरेवर हात ठेवून तळघरात उतरला. बॅटरी मारून पाहिलं, तर सायीच्या चिंध्या होऊन बुडाल्या होत्या.

"गाळून वर काढू का?" तिबोने विचारलं.

"साय आहे ती, तिबो. विहिरीत पडलेली बादली नव्हे."

चाखून बघायचं फिर्मांला धैर्य झालं नाही. डोळ्यांपुढे शेजारचा लेओंस उभा राहिला होता. आमच्या गावात वाइन बाटलीत भरण्याआधी शेजारी चाखतात आणि ज्याने त्याने वासाला नाव द्यायचं असतं. त्यातला 'अक्रोड' हा सर्वांत मानाचा, आणि तो लेओंसच्या घराण्याचा. त्याच्या बापानंतर तो म्हणेल तेव्हाच अक्रोड. स्वतःच्या वाइनला तो दरवर्षी म्हणतो. फिर्मांच्या वाइनला मात्र आजवर त्याने जुनं खोगीर म्हटलं, ओला कुत्रा म्हटलं, एकदा तर पाद्रीबुवांचे मोजे म्हटलं. किल्ली देण्याआधी त्या तोंडून एकदा अक्रोड ऐकायचा, एवढीच फिर्मांची हौस उरली होती.

शेवटी अडला हरी. शनिवारी फिर्मां रिकामी सुरई घेऊन लेओंसच्याच दारात गेला.

"ओदीलला उद्या कोंबडी करायचीय. तुझी जुनी पिवळी दे थोडी."

"का रे? तुझी कोंबडीलासुद्धा चालत नाही?" लेओंस खो-खो हसला, पण सुरई काठोकाठ भरून दिली. फिर्मांने अपमान गिळला आणि सुरई स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. बायकोला, ओदीलला, काही सांगितलं नाही. ती काळजी करत बसली असती.

रविवारी लेओंस आला, त्याच्याबरोबर दुसरा शेजारी, म्हातारा आबेलही. फिर्मांने हाक मारली, "अगं, सुरई आण!" ओदील सुरई घेऊन आली आणि फिर्मांने स्वतःच्या हाताने ग्लास भरले.

आबेलने वास घेतला, डोळे मिटले. "आजीचं कपाट," तो म्हणाला. तो नेहमी तेच म्हणतो.

लेओंसने घोट घेतला. तोंडात घोळवला. मग तिरक्या नजरेने फिर्मांकडे पाहिलं, पुन्हा घोट घेतला, आणि मिशीत हसत म्हणाला,

"अक्रोड."

"काय म्हणालास?" आबेलने कानामागे हात धरला.

"अक्रोड! असली वाइन या गावात एकाच हाताला जमते."

फिर्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं आनंदाचं. एवढी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला, आणि तोही लेओंसने लेओंसच्याच वाइनला बहाल केलेला! जेवताना लेओंसने कोंबडीच्या रश्शात पाव बुडवला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, कोंबडी छान, पण रस्सा जरा उग्र लागतो. खोगीर, खोगीर."

निघताना दारात त्याने फिर्मांच्या खांद्यावर हात टाकला. "स्वतःचं लेकरू मी अंधारातही ओळखतो, गड्या. माझी सुरईत आणि तुझी कोंबडीत, होय ना? जाऊ दे. मी नाही कोणाला सांगत."

तो गेल्यावर फिर्मां खुर्चीत कोसळला आणि त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. बुडालेली साय, लेओंसची सुरई, सगळं.

"ती सुरई? अहो, ती तर कोंबडीत गेली!" ओदील म्हणाली. "लेओंसची बायको सकाळी पाववाल्याकडे भेटली. म्हणाली, तुझ्या कोंबडीसाठी तुझा नवरा वाइन मागत आला होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाची आठवण झाली तुम्हाला! मला इतकं बरं वाटलं, सगळी ओतली."

"मग सुरईत काय होतं?"

"काय असणार? तळघरातल्या आपल्या मोठ्या पिंपाची तोटी सोडली नि भरून आणली."

फिर्मां बायकोकडे बघतच राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसताना कंबरेत कळ येत होती, तरी तो हसत होता. अक्रोड त्याच्याच पिंपाचा होता, आणि खोगीर लेओंसचं!

किल्ली टेबलावर तयारच होती. त्याने ती लेक-जावयाकडे सरकवली. तिबोने उचलली, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बाबा! मग त्या मोठ्या पिंपाशेजारचं पिंप गेल्याच वर्षी मुरत घातलंय ना? तेही भरून टाकू?"

फिर्मांचं हसू थांबलं. त्याने जावयाच्या हातातली किल्ली हलकेच काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"ओदील," तो थकल्या आवाजात म्हणाला, "माझा पलंग तळघरात हलव."