कावळीण वारली आणि कोकिळाने रजा मागितली

एका जंगलात एक कचेरी होती. हसू नका, बालमित्रांनो. जंगलात वाघ असतो हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग कचेरीलाच हसायचे काय कारण? दोन्हींच्या तावडीत सापडलेला प्राणी सहसा होता तसा परत येत नाही.

या कचेरीचे नाव वसंत कचेरी. जंगलात वसंत ऋतू वेळेवर आणणे हे तिचे काम. पूर्वी वसंत आपला आपण यायचा. मग काही हुशार प्राण्यांच्या लक्षात आले, की याच्यावर कुणी साहेबच नाही. तेव्हापासून कचेरी झाली, साहेब झाले आणि वसंत थोडा उशिरा येऊ लागला.

कचेरीच्या दारावर सुतारपक्ष्याकडून कोरून घेतलेली पाटी होती : 'आपण सारे एक कुटुंब'.

या कुटुंबात पंचम नावाचा एक कोकीळ नोकरीला होता. आंब्यावर बसून 'कुहू' म्हणायचे, एवढेच त्याचे काम. तो कुहू म्हणाला की मधमाश्या कामाला लागायच्या, मोहोर फुलायचा आणि कचेरीचे मुख्य अस्वलसाहेब मान डोलवून म्हणायचे, "झकास. आता पुन्हा."

तुम्हाला ठाऊकच आहे, कोकिळा घरटे बांधत नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे ठेवते आणि पुढच्या कामाला निघून जाते. पंचमही असाच वाढला, नदीकाठच्या चिंचेवर, कावेरीबाई नावाच्या कावळिणीच्या घरट्यात. तिने त्याला आपल्या पोरांबरोबर भरवले. खरे तर जरा जास्तच भरवले, कारण त्याची चोच सगळ्यांत मोठी उघडायची. पंख फुटल्यावर तो पहिल्यांदा 'कुहू' म्हणाला, तेव्हा शेजारच्या कावळिणी फिदीफिदी हसल्या.

"घसा बसलाय त्याचा," कावेरीबाई म्हणाल्या. "होईल बरा."

पुढे अख्खे जंगल त्या घशावर खूश झाले. तरी पंचम भेटायला गेला, की कावेरीबाई कुठून तरी हळदीचा तुकडा पैदा करून त्याच्या चोचीत कोंबायच्याच.

तर एके सकाळी पंचम कुहू म्हणत असताना त्याचा थोरला भाऊ दगडू कावळा आंब्यावर येऊन बसला.

"आई गेली," तो म्हणाला.

पंचमचा कुहू अर्धाच राहिला.

"संध्याकाळी काव आहे," दगडू म्हणाला. "ये."

कावळ्यांत अशी रीत आहे. कुणी आई गेली, की तिच्या चोचीतून खाल्लेली सगळी पोरे सूर्य मावळताना तिच्या झाडावर जमतात आणि एकदम, एकाच वेळी, मोठ्याने काव म्हणतात. तोवर कुणी दाणाही टिपत नाही. एकाचा जरी आवाज कमी आला तरी बाकीचे थांबतात, मान वळवून वाट बघतात. आणि सूर्य बुडाला तरी तो आलाच नाही, तर मग त्या आईचे ते पोर नव्हतेच, असे धरून चालतात.

"मला काव येत नाही, दादा," पंचम म्हणाला.

"मला तरी कुठे गाता येतं? ये तू," म्हणून दगडू उडाला.

पंचम तडक गेला बगळेसाहेबांकडे. बगळेसाहेब म्हणजे कचेरीच्या सुखदुःख विभागाचे प्रमुख. बारा महिने पांढऱ्या पोशाखात, त्यामुळे कुणाच्याही मयताला कपडे न बदलता जाता यायचे. दुःखी कर्मचाऱ्याशी कसे बोलावे, याची शिबिरे ते तळ्याकाठी घ्यायचे. शिबिराला मासे बोलवायचे. शिबिर संपताना मासे थोडे कमी असत, पण कुणाचीही तक्रार येत नसे.

"साहेब, आई गेली," पंचम म्हणाला. "दुपारनंतर रजा हवी होती."

बगळेसाहेबांनी एक डोळा उघडला. "अरेरे. कुठे असायच्या?"

"नदीकाठच्या चिंचेवर."

"चिंचेवर? कोकिळा?"

"नाही, कावळीण होती."

साहेबांनी दुसराही डोळा उघडला. "पंचमराव, तुमच्या दुःखाचा मला आदर आहे. पण हे दुःख तुमचं नाही. ते कावळ्यांचं आहे. शोकरजेला आई लागते ती जन्म देणारी. तुमची जन्मदात्री गेली असती, तर मी आत्ता या पायावर उभ्या उभ्या रजा दिली असती."

"तिला मी कधी पाहिलंसुद्धा नाही, साहेब."

"पाहिलेली असावी असा नियम नाही. गेलेली मात्र असावी."

पंचम अस्वलसाहेबांकडे गेला. अस्वलसाहेब मधाचे पोळे तपासत होते. ते सकाळपासून तपासत होते.

"रजा? ऐन वसंतात?" ते बोटे चाटत म्हणाले. "अरे, मार्चअखेर आहे. शिवाय दारावरची पाटी वाच. आपण सारे एक कुटुंब. मी आहे, बगळे आहेत, खारूताई आहे. कुटुंबातलं कुणी गेलं का? नाही ना? मग रडतोस काय?"

याला काय उत्तर देणार? तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही सुचणार नाही.

पंचम आंब्यावर परत येऊन बसला. शेजारच्या फांदीवर खारूताई मोहोर मोजायच्या हुद्द्यावर होती. ती कधीच मोजायची नाही, अंदाजाने सांगायची आणि ते बरोबर धरले जायचे.

"जन्मदात्री गेली म्हणून सांग की," ती म्हणाली.

"जिला ओळखत नाही, तिला मारू कशी?"

"ओळखत नाहीस म्हणून तर सोपं आहे. ओळखीची असती तर जीव तुटला असता."

खोटे बोलणे फार वाईट, बालमित्रांनो. तुम्ही कधी बोलू नका. अगदी नियमच पाळायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

पंचम पुन्हा बगळेसाहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, माझी जन्मदात्री आईसुद्धा गेली."

बगळेसाहेब आनंदाने दोन्ही पायांवर उभे राहिले. त्यांच्या कारकिर्दीत नियमात चपखल बसणारा हा पहिलाच मृत्यू होता. "रजा मंजूर," ते म्हणाले. "मात्र आधी कचेरीची शोकसभा. तुम्हाला असं एकटं कसं सोडू? आधार दिल्याशिवाय आम्ही कुणाला जाऊ देत नाही."

मग काय धांदल उडाली म्हणता. मैदान झाडले. आठ मोरांनी पिसारे मिटून गंभीर दिसण्याचा सराव केला. दिवंगत मातोश्रींची तसबीर कुणाकडेच नव्हती, म्हणून पंचमचीच तसबीर लावून तिला हार घातला. आईसारखाच दिसत असणार, असे बगळेसाहेब म्हणाले. ती तसबीर बघून एका पोपटाने पंचमलाच गाठले आणि पंचमची जागा कधी भरणार आहेत, म्हणून हळूच चौकशी केली.

पंचमला सर्वांत पुढे बसवले. ऊन उतरत होते. तो एकसारखा नदीकडे बघत होता.

"धीर धरा," बगळेसाहेबांनी त्याच्या पाठीवर पंख ठेवला, म्हणजे तो उठू नये अशा बेताने ठेवला.

भाषणे सुरू झाली. मातोश्री किती कष्टाळू होत्या, हे अस्वलसाहेबांनी सांगितले. त्यांचे घरटे किती नीटनेटके असायचे, हे सुगरणबाईंनी सांगितले. त्यांच्या हातचे खाल्लेले आपण विसरणार नाही, असे म्हणताना रानडुकराला हुंदका आला. त्याने प्रत्येकाच्या हातचे खाल्ले होते, त्यामुळे त्याला खरेच वाटत होते. पंचम कावेरीबाईंचे कष्ट आणि त्यांचा घास आठवून ढसढसा रडला. सभा छान रंगली आहे, असे सगळ्यांना वाटले.

तेवढ्यात मागच्या बाजूला एक प्रौढ कोकिळा येऊन बसली. सभेनंतर बोरे वाटणार आहेत, असे तिने ऐकले होते.

"कोण गेलं?" तिने शेजारच्या सशाला विचारले.

"पंचमरावांच्या आई. कोकिळाच होत्या."

"अगं बाई. आमच्यातल्या?" म्हणून तिनेही डोळ्यांना पंख लावला.

बगळेसाहेबांनी तिला हेरले. समाजाच्या वतीने दोन शब्द बोला, म्हणून आग्रह करून पुढे आणले. ती आढेवेढे घेत बोलायला उभी राहिली.

"मी मधुरा," ती म्हणाली. "या बाईंचं ऐकून मला भरून आलं. मुलं वाढवायची म्हणजे काय खायचं काम आहे? मी स्वतः कधी त्यात पडले नाही, पण ज्या पडतात त्यांचं मला कौतुक वाटतं. मागे मीसुद्धा एक अंडं चिंचेवरच्या कावेरीबाईंकडे ठेवलं होतं. पुढे त्याचं काय झालं, कोण जाणे. बोरं कुठे वाटतायत?"

खारूताई झाडामागे गेली. बगळेसाहेब पंचमकडे बघू लागले, मग तसबिरीकडे, मग मधुराबाईंकडे. तिघांची मान अगदी एकसारखी होती.

"म्हणजे आई जिवंत आहे," बगळेसाहेब म्हणाले. "पंचमराव, हे तुम्ही आमच्या कुटुंबाशी केलंत? आता आम्ही घातलेल्या हाराचं काय करायचं?"

"आणि मी रडलो त्याचं काय?" रानडुक्कर म्हणाले.

तोच नदीकडून आवाज आला. चिंचेवरची सगळी पोरे एकदम काव म्हणाली, आणि थांबली. एक आवाज कमी होता. ती वाट बघत होती. सूर्य नदीच्या काठाला टेकला होता.

उडून जायला वेळ उरला नव्हता. बगळेसाहेबांचा पंख अजून पाठीवरच होता. पंचमने चोच उघडली. लहानपणी घास घ्यायला उघडायचा, तेवढी मोठी उघडली. आणि ज्या गळ्यावर अख्खी कचेरी चालत होती, त्या गळ्यातून तो जीव खाऊन ओरडला, "काव."

फाटका, ओबडधोबड, भसाडा काव. मोरांचे पिसारे फुलले, अस्वलसाहेबांच्या हातातले पोळे खाली पडले. क्षणभराने चिंचेवरून उत्तर आले. सगळे मिळून, पूर्ण.

मधुराबाईंनी नाक मुरडले. "छे. हा काही आमच्यातला नव्हे. आमची मुलं असं ओरडत नाहीत." आणि चोचीत मावतील तेवढी बोरे घेऊन त्या गेल्या.

पंचमने पाठीवरचा पंख झटकला आणि तो चिंचेकडे उडाला.

बगळेसाहेब मात्र विचारात पडले. जन्मदात्री म्हणते हा माझा नव्हे. मग तो कुणाचा? ते एका पायावर आले, त्यांनी डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने निर्णय दिला. "असं असेल तर कावळीण हीच यांची आई ठरते. शोकरजा मंजूर. आज सूर्यास्तापर्यंत."

सूर्य नुकताच मावळला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपली कचेरी किती मायाळू आहे, असे म्हणत उरलेली बोरे संपवली.

दुसऱ्या सकाळी पंचम आंब्यावर हजर होता. पण आदल्या दिवशीच्या ओरडण्याने त्याचा घसा पार बसला होता. कुहू निघेना. मोहोर तरीही फुलला, मधमाश्याही आल्या. ही गोष्ट कचेरीने आजवर कुणाला कळू दिलेली नाही, तुम्हीही बोलू नका.

थोड्या वेळाने दगडू आला. "फार वाईट ओरडलास," तो म्हणाला.

"दादा," पंचम कसाबसा म्हणाला, "आईला कधी कळलंच नाही का रे, मी तुमच्यातला नाही ते?"

"कावळीण होती ती. आंधळी नव्हती."

मग दगडूने पंजात धरून आणलेले काहीतरी फांदीवर ठेवले. "घरटं आवरताना सापडलं. तुझ्यासाठीच ठेवलेलं दिसतंय."

तो हळदीचा तुकडा होता.

तात्पर्य : अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी कचेरीचे रजेचे नियम नीट समजून घ्यावेत आणि त्यांत बसेल अशीच आई निवडावी. ज्यांनी चुकून माया करणारी निवडली असेल, त्यांनी तिला निदान रविवारी जायला सांगावे.