वेळण्याचा समुद्र, कॅम्प नंबर चार

मनुष्य पर्यटन का करतो, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. ज्ञानप्राप्ती, मनःशांती, हवापालट वगैरे. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. मनुष्य पर्यटन करतो ते आपण जाऊन आलो हे शेजाऱ्यांना कळावे म्हणून, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत तो कुठेही गेलेला नसतो.

भगवंतराव राहतात त्या सोसायटीत हा कारभार अंदाधुंद चालत नाही. सेक्रेटरी शंकरराव यांनी त्याला शिस्त लावली आहे. किनारपट्टीच्या सहलीला मान्यता हवी असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर तीन फोटो यावे लागतात. एक समुद्राचा (पाय ओले दिसले पाहिजेत), एक स्पाचा (डोळ्यांवर काकडी अनिवार्य) आणि एक प्राचीन स्थळाचा (भिंत पडकी असावी, माणूस हसरा असावा). तिन्ही जमले की सहल पूर्ण झाली असे धरतात. स्पा राहिला तर ते देवदर्शन, आणि प्राचीन स्थळ राहिले तर नुसते मासे खाऊन आले असे म्हणतात. बी विंगमधले एक जोडपे आठवडाभर कोकणात राहून एकही फोटो न काढता परतले. त्यांना जिन्यात लोक अजून विचारतात, "काय, बरं नव्हतं का मध्ये?"

भगवंतरावांची अडचण अशी की त्यांच्या पत्नीला, सुनंदाबाईंना, या तिन्हींतले काहीच नको होते. त्यांचे माहेर दापोलीच्या खाली, समुद्राला लागून, वेळणे नावाच्या गावात. आईवडील लहानपणीच गेले आणि काकीने त्यांना वाढवले. दरवर्षी उन्हाळा आला की सुनंदाबाई म्हणत, "काकी थकली हो. एकदा जाऊन येऊ या." भगवंतराव लगेच हो म्हणत. होकार देण्यात त्यांनी कधी कंजुषी केली नाही.

प्रश्न रजेचा होता. भगवंतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि रजा ही वापरण्याची नसून साठवण्याची वस्तू आहे, असे त्यांचे मत आहे. त्यांच्या शिल्लक रजेबद्दल कारखान्यात आदराने बोलले जाते. नव्या पोरांना ती दाखवून शिस्तीचे धडे देतात. एवढी पुण्याई एका म्हातारीला भेटण्यासाठी मोडावी, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते, आणि ज्याच्या मनाला पटत नाही त्याला आपल्याकडे तत्त्वाचा माणूस म्हणतात.

यंदा मात्र सुनंदाबाईंच्या चुलत भावाचा, हरिचंद्राचा, फोन आला. "सुने, काकीची नजर चाललीय. रोज सांच्याला ओट्यावर बसून वाट बघते. दिसताय तवर ये गो." सुनंदाबाईंनी विचारले वगैरे काही नाही. त्यांनी सरळ बॅग भरली, वर काकीसाठी घेतलेले मऊ सुती पातळ ठेवले आणि बॅग दारात आणून ठेवली. रोज येता-जाता ती भगवंतरावांच्या पायात येऊ लागली.

या संकटातून त्यांना कारखान्यातल्या आण्णांनी सोडवले. आपल्या भागाची एक श्रद्धा आहे, आणि ती कोणत्याही देवस्थानाने हेवा करावा इतकी पक्की आहे: उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू अजून जगात तयार व्हायची आहे. लग्नाचा शालू, मोटारीचा पार्ट, परदेशी घड्याळ (परदेश तिथल्या कॅम्प तीन या भागातच आहे) सगळे तिथे मिळते. मग समुद्र का मिळू नये? आण्णा म्हणाले, "कॅम्प चारला जा. मुकेशचा स्टुडिओ आहे. रविवारी सकाळी जायचं, जेवायला घरी."

भगवंतरावांनी हिशेब केला. रविवारला रजा लागत नाही. ते घरी येऊन म्हणाले, "चल, रविवारी समुद्रावर जाऊ." सुनंदाबाई बॅग घेऊन रिक्षात बसल्या. कल्याणहून एसटी असेल, असे त्यांना वाटले. वाटेत अंबरनाथ लागले. तिथे हजारएक वर्षांपूर्वीचे शिवमंदिर आहे, दगडावर तसूभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. त्याचा प्राचीन स्थळ म्हणून विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. ते खरे असले तरी जवळ आहे, आणि जवळच्या वस्तूला प्राचीन म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

रिक्षा एका पॅन्टच्या दुकानासमोर थांबली. वरच्या मजल्यावर समुद्र होता.

मुकेश हा मालक अत्यंत विनयशील. त्याने आधी चहा सांगितला. मग हॉल दाखवला. एका भिंतीवर छताएवढा फ्लेक्स, त्यावर निळे पाणी आणि मावळता सूर्य. खाली बांधकामाची वाळू, पण दोनदा चाळलेली. पंखा वाऱ्यासाठी, टब पायांसाठी. शेजारी पडद्याआड स्पा. त्याच्या पलीकडे थर्माकोलची पडकी तटबंदी (गणपतीच्या डेकोरेशनमधून निवृत्त झालेली). एका तासात एवढी किनारपट्टी पाहून होते, हे कुठल्याही सरकारला आजवर जमलेले नाही.

सुनंदाबाई दारातच उभ्या राहिल्या. "हे काय?"

"समुद्र," भगवंतराव म्हणाले.

"काकी?"

"काकीकडे पुढच्या वर्षी. नक्की. आधी जाऊन आलो असं तर होऊ दे."

मुकेशने मध्यस्थी केली. "भाभी, समंदर कुठे पण सेम असतो. पानी, रेती, आसमान. बाकी सगळा ट्रॅफिक." मग त्याने बॅगेवरचे सुती पातळ पाहिले आणि त्याला ते फारच आवडले. त्याने ते वाळूवर अंथरले आणि सुनंदाबाईंना त्यावर बसवले. रंग फ्लेक्सशी छान जुळत होता. सुनंदाबाई बसल्या. माणूस एका हद्दीपलीकडे भांडत नाही, आणि नवरे लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात.

स्पाच्या फोटोत त्यांच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. थोड्या वेळाने चकत्यांखालून पाणी ओघळू लागले. मुकेश खूश झाला. म्हणाला, काकडी एकदम फ्रेश आली आज.

शेवटी त्याने विचारले, "फोटोवर गाव कोणतं टाकू? गोवा, मालवण, अलिबाग?" इथे भगवंतरावांचे हृदय भरून आले. आपण बायकोसाठी काहीतरी करावे, असे त्यांना मनापासून वाटले. ते म्हणाले, "वेळणे टाका. हिचं माहेर आहे."

फोटो ग्रुपवर पडले आणि शंकररावांनी सहल पूर्ण जाहीर केली. शंभरातल्या नव्वद सभासदांनी अंगठा दिला. उरलेल्या दहांपैकी सात जणांचे फोन चार्जिंगला होते आणि तिघे भगवंतरावांशी पार्किंगवरून बोलत नाहीत. पुढच्या सभेत भगवंतरावांचे अनुभवकथन ठरले.

दुसऱ्या दिवशी हरिचंद्राचा फोन आला. फोटो भावकीत फिरत फिरत वेळण्याला पोचले होते. "सुने, गावात येऊन परत गेलीस? काकी इचारते, आमचा काय चुकला?"

सुनंदाबाईंनी फोनवर हात ठेवला. "त्यांना खरं सांगा."

भगवंतरावांनी यावर शांतपणे विचार केला. खरे सांगावे तर ते भावकीतून फिरत उलट सोसायटीत पोचणार. वेळण्याला एक म्हातारी दुखावली आहे, पण वेळणे लांब आहे. जिना रोजचा आहे. शिवाय अनुभवकथन जाहीर झाले होते. "ग्रुप टूर होती, वेळच मिळाला नाही असं सांग," ते म्हणाले. सुनंदाबाईंनी फोन ठेवला, बॅग उचलली आणि एकट्याच एसटीने निघाल्या. भगवंतराव गेले नाहीत. त्यांना टिपणे काढायची होती.

वेळण्याला पोचल्यावर सुनंदाबाईंनी ओट्याखालीच उभे राहून सगळे सांगितले. आम्ही आलोच नव्हतो, तो समुद्र खोटा, उल्हासनगरात दुकानाच्या माडीवर काढलेले फोटो ते. हरिचंद्राने समजूतदारपणे मान हलवली आणि फोन पुढे केला. "अगो, आमचा समुद्र आमी ओळखत नाय काय? हा बघ, खडपाच्या अंगाचा, त्या खडकांकडला." शेजारीपाजारी जमले. सगळ्यांनी फ्लेक्स ओळखला. एकाने तर त्या दिवशी रिक्षासुद्धा पाहिली होती. त्यांच्या मागे पन्नास पावलांवर खरा समुद्र होता, आणि भरती चालू होती.

काकीने फोन डोळ्यांजवळ धरून पाहिला. वाळूवर अंथरलेल्या पातळावर बसलेली आपली पोर तिला बरोबर दिसली. तेवढी नजर अजून शिल्लक होती. मग तिने तोंड आत वळवून स्वयंपाकघरातल्या आपल्या सुनेला हाक मारली. "टुरिस्टीण आलीय गो. पाणी दे तिला. बाटलीतला दे, घरचा बाधता त्यांना."

सुनंदाबाई ते पाणी प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी परतल्या. तिकडे अनुभवकथन उत्तम झाले होते. भगवंतराव समुद्राविषयी बोलताना इतके भावुक झाले की दोन कुटुंबांनी लगेच मुकेशचा नंबर नव्हे, वेळण्याचा रस्ता विचारला.

त्यानंतर एक उन्हाळा येऊन गेला. सुनंदाबाई काकीबद्दल काही बोलल्या नाहीत. कुठे जाऊ या असेही म्हणाल्या नाहीत. बॅग माळ्यावर गेली आहे. भगवंतराव सांगतात की घरात आता पूर्ण शांतता आहे, हिची काही म्हणजे काही मागणी नसते, आणि रजा पुन्हा वाढू लागली आहे.

हे वाचून तुम्हाला भगवंतरावांचे हसू आले असेल, तर खुशाल हसा. तुमच्या घरचे माणूस गेली काही वर्षे कुठे नेण्याविषयी, कुणाला भेटण्याविषयी तुमच्याकडे काहीच मागत नाही. ते तृप्त आहे, अशी तुमची समजूत आहेच.