जड खाली, हलकं वर

आबासाहेबांच्या जिनिंगमध्ये व्यंकटराव कारकुनाचं सगळ्यात जास्त झिजणारं हत्यार म्हणजे टाक नव्हे, पायताण. पेढी एका टोकाला, प्रेसची शेड दुसऱ्या टोकाला, मधे दोनशे पावलं काळी माती. पेढीत थोरले आबासाहेब गादीवर, शेडमध्ये धाकटे चंद्रभान यंत्रापाशी आणि दोघांच्या मधे दिवसभर व्यंकटराव.

"चंद्रभानला इचारा, कापसाच्या गाड्या किती उतरल्या." व्यंकटराव गेले.

"दादांना सांगा, मोजायलोय." व्यंकटराव आले.

"मोजायला इतका येळ का लागतो, इचारा." व्यंकटराव पुन्हा गेले.

दोघा भावांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर दोघं एकमेकांशी बोलले तरी असते. दोघांमध्ये होता तो मान, आणि तो पोचवायला माणूस लागतो.

लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी सिकंदराबादेस फौजेचं जुनं सामान लिलावात निघाल्याचं व्यंकटरावांच्या कानावर आलं. त्यात छोट्या कचेरीपुरता टेलिफोन होता. ते आबासाहेबांना म्हणाले, "दोन्हीकडे एकेक यंत्र ठेवायचं. बसल्या जागी बोलता येतं."

"बसल्या जागी?" आबासाहेबांना तेवढाच शब्द पसंत पडला. "मग आना. पन बसवायची जिम्मेदारी तुमची. दसऱ्याला चार गावचे लोक बोलावतो. बोलला फोन, तर तुमी मुस्तकिल. न्हाई बोलला, तर राणीसावरगावला सासऱ्याच्या ओसरीवर बसून पोरं शिकवा."

तीन वर्षं व्यंकटराव हंगामी होते. नोकरी मुस्तकिल झाली की मग कुणी काढणार नव्हतं. घरी विमलाबाईंनी हे ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाबांची ओसरी आधीच लहान आहे."

सेलूच्या स्टेशनावरून बैलगाडीतून सामान आलं. बोलायची दोन यंत्रं, माणसाच्या उंचीची एक लोखंडी मांडणी, तिच्यावर बसवायच्या तीन पेट्या आणि इंग्रजीतलं सहा पानी पुस्तक. व्यंकटरावांनी ते तीनदा वाचलं. त्यात तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या. मांडणीचे पाय आधी जमिनीला बोल्टांनी आवळावेत. जड पेटी तळाला, हलकी वर. आणि भरायची ती खालून वर.

इथवर सगळं ठीक होतं. पण व्यंकटरावांना हुशारी सुचली. पेट्या ओळखता याव्यात म्हणून त्यांनी जिनिंगच्या आश्रुबा फिटरकडून पेट्यांवर पांढऱ्या रंगात नावं घालून घेतली. बॅटऱ्यांची पेटी दोघांनी उचलावी एवढी जड. मोठ्या माणसाला मोठी पेटी म्हणून तिच्यावर 'आबासाहेब' लिहिलं. मधलीवर 'चंद्रभान'. तिसरी अगदी हलकी, तिच्यावर काहीच नाही. ती कारकुनाची.

आबासाहेबांनी आपल्या पेटीवरून हात फिरवला. "लय वजनदार हाय. आन ठिवणार कुठं?"

"सगळ्यात खाली, आबासाहेब."

आबासाहेबांनी पेटीवरचा हात काढून घेतला.

"म्हंजे चंद्रभानच्या पायाखाली?"

"पायाखाली नाही, तळाला. पुस्तकात तसंच…"

"आन चंद्रभानच्या डोक्यावर कोन? तुमी?" आबासाहेबांनी बिनानावाच्या पेटीकडं बोट केलं. "व्वा! म्हंजे दसऱ्याला चार गावच्या लोकांनी काय बगायचं, तर कारकून वर आन मालक खाली. पुस्तक फौजेचं हाय, पेढी आमची हाय. आमची पेटी वर, चंद्रभान मधी, तुमची तळाला."

बरोबर पुस्तकाच्या उलटं. आता निदान पाय तरी घट्ट आवळू, असं म्हणून व्यंकटरावांनी आश्रुबाला फरशीला भोकं पाडायला सांगितलं. त्यानं छिन्नीवर पहिला घाव घातला आणि पेढीमागच्या घरातून आबासाहेबांच्या आई, धुरपताबाई, काठी टेकत बाहेर आल्या.

"ए मुडद्या, तिथं काय करायलास?"

"भोक पाडायलोय, आईसाब."

"आग्नेय कोपरा हाय तो. वास्तुशांतीला तिथं वास्तुपुरुष निजवलाय. त्याच्या छातीत खिळा ठोकायलास व्हय?"

तारा त्याच कोपऱ्यातून आत येत होत्या, तेव्हा मांडणी हलवता येईना. आणि वास्तुपुरुषालाही उठवता येईना. मांडणी तशीच नुसती उभी केली. चौघांनी आबासाहेबांची पेटी वर चढवली, तशी मांडणी पुढं वाकली. एखादा म्हातारा ऐकू आलं नाही म्हणून वाकतो, तशी.

आश्रुबानं डोकं खाजवलं. "मालक, मागून वजन बांधलं की झालं. जवारीचं पोतं हाय का?"

पोतं धुरपताबाईंच्या कोठीतून आलं. ते मांडणीच्या मागल्या पायांना करकचून बांधलं. मांडणी सरळ झाली. व्यंकटरावांनी तिला बोटानं ढकलून पाहिलं, मग हातानं, मग डोळे मिटून. ती हलली नाही. तरी दसऱ्यापर्यंतचे चार दिवस ते पेढीत शिरताना आधी कोपऱ्याकडं बघत आणि मग देवाच्या तसबिरीला हात जोडत.

दसरा उजाडला. यंत्रांना झेंडू बांधले, मांडणीला आंब्याचा डहाळा. पेडगावापर्यंतचे पाहुणे पेढीत उभे राहिले. चंद्रभान शेडमधल्या यंत्रापाशी जाऊन बसले. आबासाहेब लोडाला टेकले, यंत्र पुढ्यात घेतलं आणि थांबले.

"दांडी फिरवा, आबासाहेब," व्यंकटराव म्हणाले. "तिकडं घंटी वाजेल."

"आमी? थोरल्यानं धाकट्याला साद घालायची? त्यानं फिरवावी. आश्रुबा, जाऊन सांग."

आश्रुबा पळत गेला, पळत आला. "धाकले मालक म्हनत्यात, दादांच्या कानाशी घंटी वाजवायची माझी काय छाती हाय?"

"बगा, हे वळण!" आबासाहेब पाहुण्यांना म्हणाले आणि पुन्हा थांबले.

तेवढ्यात व्यंकटरावांना आवाज ऐकू आला. सर्रर्र. बारीक, एकसारखा. त्यांनी मांडणीच्या मागं डोकावलं. धुरपताबाईंची शेळी, जिला त्या घरात कुठंच मज्जाव नव्हता, पोत्याचा कोपरा कुरतडून निवांत चघळत होती, आणि त्या भोकातून जवारी फरशीवर सांडत होती. त्यांनी हातानं हुसकलं, शेळी गेली, जवारी थांबेना. अर्धं पोतं केव्हाच रिकामं झालं होतं.

मांडणी करकरली.

व्यंकटराव चटकन पुढं आले आणि मांडणीला पाठ लावून उभे राहिले. चेहऱ्यावर हसू आणलं. पाठीला लोखंड गार लागत होतं आणि डोक्यावर, टोपीपासून वीतभर उंचीवर, आबासाहेबांची पेटी होती.

"आश्रुबाला बोलायची रीत न्हाई," आबासाहेब म्हणाले. "व्यंकटराव, तुमी जावा. चंद्रभानला सांगा, आमी परवानगी दिली."

"मी… इथंच बरा आहे, आबासाहेब."

"काय?"

"म्हणजे, इथं कुणीतरी असावं…"

"तीन वर्सं सांगितलं तिकडं गेलात. आन आज चार गावच्या लोकांसमोर नगं म्हनता?" आबासाहेबांचा आवाज खाली आला. तो खाली आला की माणसं नोकरीवरून जात, हे पेढीत सगळ्यांना माहीत होतं. "हुकूम हाय."

सर्रर्र. मांडणी आणखी बोटभर पुढं आली. गेलो तर पेटी पाहुण्यांवर, थांबलो तर राणीसावरगाव. व्यंकटरावांना सासऱ्यांची ओसरी दिसली. तिच्यावर बसलेले सासरेही दिसले. आणि मग, भीतीपोटी माणूस कधी कधी खरंच बोलून जातो, तसे ते बोलून गेले.

"आबासाहेब, या पेढीत उभं कोण आहे?"

"हे काय इचारनं? समदेच उभे हायेत."

"आणि बसलंय कोण?"

"आमी. गादी आमची हाय."

"मग तुमची पेटी अशी उभी का? सगळ्यात वर, खांबाला टेकलेल्या चपराशासारखी? चार दिवस मला बघवेना, पण बोलायची हिंमत झाली नाही."

आबासाहेबांनी वर बघितलं. मग स्वतःच्या गादीकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं, त्यातले दोघं-तिघं मान डोलवायला लागले होते.

"आमची पेटी उभी?" ते उठून गरजले. "कुनी उभी केली?"

उत्तराची वाट न बघता ते कोपऱ्याकडं निघाले.

"उतरवा! आन नुसती ठिवू नका. आदी खाली गादी घाला!"

चौघांनी पेटी उतरवली. तळाला मखमली गादी अंथरून तिच्यावर ती बसवली. मधे चंद्रभानची राहिली. बिनानावाची सगळ्यात वर गेली, कारण कारकुनानं उभंच राहायचं असतं. मांडणी मागं सरली आणि ताठ झाली. व्यंकटरावांची पाठ मोकळी झाली, तेव्हा सदऱ्यावर मांडणीचा गंज पट्ट्यापट्ट्यांनी उमटला होता.

"माझी जवारी!" मागून धुरपताबाई ओरडल्या. शेळीला काठी दाखवून त्या पुढं आल्या आणि तिथल्या तिथं उरलेला निवाडाही करून टाकला. "घंटी कुनीच कुनाला वाजवू नगा. ह्यो कारकून जाऊन सांगंल, मग दोघांनी संगंच उचला. कुनाचाच मान जायला नगं."

"हे बेस झालं," आबासाहेब म्हणाले. "मानसाला मान कळतो. व्यंकटराव, आजपासून तुमी मुस्तकिल. पळा."

व्यंकटराव पळाले. दोनशे पावलं काळी माती तुडवून, धापा टाकत शेडमध्ये पोचले.

"काय म्हनत्यात दादा?" चंद्रभाननी विचारलं.

"ते… फोनवर… ऐका."

चंद्रभाननी यंत्र कानाला लावलं. तारेतून आबासाहेबांचा आवाज इतका खणखणीत आला की धापा टाकणाऱ्या व्यंकटरावांनाही तो स्वच्छ ऐकू आला.

"चंद्रभान, व्यंकटराव पोचले का? पोचले असले तर तसेच माघारी धाड. हिकडं काम हाय."