सोपानदादांचा उजवा खांदा

राज्यातील तमाम लॉजमालक, लॉजची दारे आणि त्या दारांच्या कड्या यांना या निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, मुठा गावचे रहिवासी सोपानदादा यांनी फिरतीवरचा व्यायाम कायमचा बंद केला आहे. कड्यांनी यापुढे निर्धास्त राहावे.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण त्यातल्या निदान सहा कड्या माझ्या डोळ्यांदेखत निखळल्या आहेत.

मी आणि दादा पौडच्या एका ठेकेदाराकडे पाण्याच्या मोटारी बसवायचं काम करतो. सोमवारी गाडी निघाली की शुक्रवारी परत. मधल्या चार रात्री कुठल्या तरी लॉजवर, एका खोलीत. माझ्या पिशवीत दोन शर्ट आणि एक पंचा. दादांच्या पिशवीत मुठी लावलेला जाडजूड रबरी दोर, जोर मारायचे दोन घडीचे ठोकळे आणि दोन्ही तोंडं बांधता येतील अशी कापलेली मोटारसायकलची ट्यूब. कपडे असतील तर त्याखाली.

आता एवढं वाचून तुमच्या डोळ्यांपुढे पैलवान उभा राहिला असेल. त्याला बसवा खाली. दादा छप्पन्न वर्षांचे आणि अंगकाठी म्हणजे टोमॅटोच्या मांडवाची काठी. "मोटार बंद ठिवली की जाम व्हती, इलास," एवढंच त्यांचं व्यायामशास्त्र.

पहाटे दोर दाराच्या कडीला अडकवायचा आणि पाठ करून ओढायचा. एकदा कडी दोरासकट आली, माझ्या अंथरुणावरून गेली आणि समोरच्या आरशात घुसली. मॅनेजर धावत वर आला. दादांनी कडी त्याच्याच हातात दिली आणि झापलं, की कड्या अशा ढिल्या ठेवता, चोर आला असता म्हणजे? मग आमच्या हत्यारांच्या पेटीतले स्क्रू लावून अशी बसवून दिली, की मॅनेजरनं चहा पाजला. आरशाचं कुणी काढलंच नाही.

पण खरा प्रयोग संध्याकाळचा. जिथं काम असेल तिथली वाळू दादा ट्यूबमध्ये ठासून भरत, तो अजगर उजव्या खांद्यावर घेत आणि अनवाणी जिना चढत-उतरत. भरभर नाही. लहान लहान पावलं, मान ताठ, तोंडातून शब्द नाही. एका लॉजवर लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्या मामांना वाटलं, माणसाचा काही कडक नवस आहे. त्यांनी चपला काढून जिन्यात हात जोडले. दादा त्यांच्या अंगावरून तसेच पुढे गेले. खाली काउंटरवर मी मामांना सांगितलं, की अजून अकरा जिने राहिलेत. मामांनी मलाही नमस्कार केला.

खांदा नेहमी उजवाच. मी विचारलं, डाव्यानं काय पाप केलंय? तर म्हणाले, "पल्याड दुसरा आसतोय." मी हे वाक्य पौडच्या स्टँडवर महिनाभर लोकांना ऐकवून हसवलं.

मग एकदा गाडीचा टायर फुटला. रस्त्याकडेला बसलो असताना मी पुन्हा तीच थट्टा काढली, तेव्हा दादांनी सगळं सांगितलं.

गावातले त्यांचे एक शेजारी वारले. तिन्ही मुलं कंपन्यांत, गाड्या घेऊन आली. एकाची कंबर धरलेली, एकाला मणक्याचा पट्टा. बाकी आळीत म्हातारे आणि आठवड्याच्या शेवटी उघडणारे बंगले. तिरडी धरायला चार खांदे जमेनात. शेवटी मांडववाल्याचा पिकअप आणला. पातेली उतरवली आणि माणूस चढवला. दादांची आई ओट्यावर बसून बघत होती. संध्याकाळी ती एवढंच बोलली, "सोपाना, मला त्या गाडीत घालू नको. म्हशीवानी. तुज्या खांद्यावरनं ने."

"तिला व्हय म्हणून बसलोय," दादा म्हणाले. "आन आई थोराड बांध्याची. भाताचं पोतं एकटी उचलायची. फिरतीवर बसून बसून माजा खांदाच गेला, आन येळ आली, तर?"

नवरा गेल्यापासून आई आठवडाभर घरी एकटीच. दादांनी लग्न केलं नव्हतं. बहीण कमळ पौडला दिलेली, ती येऊनजाऊन. शुक्रवारी दादा घरी पोचले की आई चूल पेटवायची, त्यांना वाढायची आणि समोर बसून राहायची. आई अजून दणकट आहे, असं दादा दर सोमवारी गाडीत सांगायचे.

त्यानंतर मी थट्टा सोडली असं म्हणणार नाही. पण ट्यूबमध्ये वाळू मी भरू लागलो.

या जानेवारीत एका बुधवारी दुपारी कामावर फोन आला. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ होत आली होती. आमच्याकडे एकुलत्या मुलानं विस्तवाचं मडकं धरून पुढं चालायचं, खांदा दुसऱ्यांनी द्यायचा. एवढ्या वर्षांत हे दादांच्या डोक्यात आलं नव्हतं. जाणत्यांनी मडकं त्यांच्या हातात दिलं आणि ते तसेच उभे राहिले. पिकअप नको, चार माणसं आहेत, असं लोक समजावत होते.

कमळाबाई पुढे आल्या. "आण ते मडकं. मी धरते. तू उचल तिला."

दोघेतिघे पुटपुटले. पण त्या वाटेला लागल्यासुद्धा.

दादा पुढे, मी त्यांच्या मागे. घाटाची वाट उताराची. खांदा बदलायला माणसं येत होती, दादांनी कुणालाही दिला नाही. निम्म्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे, तिथं तिरडी क्षणभर टेकवतात आणि दिशा फिरवतात. आम्ही टेकवली. दादांना दम लागला नव्हता. मलाही लागला नव्हता. बांबूंचंच काय ते वजन होतं.

दादांनी आपल्या उजव्या खांद्यावर हात फिरवला. माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकले आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं बोलले,

"आये, मी फिरतीवर आसताना तू जेवत न्हवतीस व्हय गं?"