पोपट, पंप आणि आभारप्रदर्शन

विज्ञानाच्या प्रगतीसाठी कोणाला तरी श्वास सोडावा लागतो. तो आपला नसला की प्रगती झपाट्याने होते.

या तत्त्वाला अनुसरून आमच्या विज्ञानप्रसारक मंडळाने हवा उपसण्याचा पंप घेतला. पितळी नळा, आत कातड्याचा दट्ट्या, वर काचेची हंडी. दांडा वरखाली केला की हंडीतली हवा निघून आत निर्वात पोकळी उरते. पोकळी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे (मंडळाच्या इतर कार्याप्रमाणेच) पुराव्यादाखल हंडीत पोपट ठेवण्यात येई. पोपट अध्यक्षांच्या आत्याबाईंचा. त्यांना "हवापालटाला नेतो" एवढंच सांगितलेलं असे.

तरी दरवर्षी पोपट धडधाकट परत येई. कारण मंडळाचा नियम: मान्यवर बोलत असताना दांडा चालवू नये. तो करकरतो आणि मान्यवरांचा अपमान होतो. पोपट डोळे मिटू लागला की नेमके कोणीतरी मान्यवर दोन शब्द बोलायला उठत. ते दोन शब्द संपेपर्यंत दट्ट्याच्या फटीतून हवा आत शिरे आणि पोपट श्रोत्यांपेक्षा ताजातवाना दिसे.

तिकीट काढून आलेले लोक भडकले. मंडळाने ठराव केला, आधी विज्ञान, मग भाषणं. ठराव एकमताने मंजूर झाला (पोपटाला मत नव्हतं).

यंदा हा हवापालट बघायला आत्याबाई स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसल्या. दांडा सुरू झाला. पोपटाची मान कलंडली. सभागृहात आदरयुक्त शांतता पसरली.

"अरे मेल्यांनो, जीव जातोय त्याचा!"

"आत्या, प्रश्न शेवटी विचारायचे," अध्यक्ष म्हणाले.

आत्याबाईंचं आयुष्य अध्यक्षांच्या घरात गेलेलं, मंडळाचे नियम त्यांना तोंडपाठ. त्या तरातरा व्यासपीठावर चढल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "मी आभार मानते."

दांडा थांबला. (ठरावाने भाषणं पुढे ढकलली होती, आभारांचा उल्लेख राहून गेला होता.)

त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले, चिटणिसांचे मानले, खुर्च्यांचे, खुर्च्या पुसणाऱ्याचे, पितळेचे, कातड्याचे, ते ज्या बैलाचं होतं त्याचेही मानले. मागून "आटपा आता!" असे आवाज आले, ते काढणाऱ्यांचे तर नाव विचारून मानले. अखेर पोपटाने पंख झटकले. आत्याबाईंनी हंडी उचलली, त्याला छातीशी धरलं आणि रडत रडत घरी निघून गेल्या.

नंतर मंडळाने प्रेक्षकांची पाहणी केली. शंभरातले नव्वद जण निराश झाले होते. उरलेले दहा आभार सुरू होताच झोपले होते.

तुम्ही मात्र शेवटपर्यंत जागे राहिलात, म्हणजे नव्वदांतलेच.