मामांसाठी ग्राफिक्स कार्ड

"आधी प्रोसेसर ठरवा डॉक्टर, मग कार्ड," दुकानदार फोनवर म्हणाला.

"अहो, काल तुम्हीच म्हणालात, आधी कार्ड ठरवा!"

"काल तुम्ही दुसरं कार्ड घेत होतात."

खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटने घशातून कसलासा आवाज काढला. डॉक्टरांनी फोन खांद्याने दाबून धरला आणि त्याच्या तोंडात आणखी एक कापसाचा बोळा ठेवला. लोकांची दाढ ठेवायची की उपटायची, ते हे दातांचे डॉक्टर एका नजरेत ठरवत. स्वतःच्या कॉम्प्युटरपाशी मात्र त्यांचं घोडं अडलं होतं.

निमित्त मामांचं. मामा दरवर्षी महिनाभर भाचरांकडे राहायला येत. माणूस अतिशय प्रेमळ, पण घरात पाऊल टाकल्यापासून दिसेल त्या वस्तूत खोट काढणारा. "हा नळ उलटा का फिरतो? हे कपाट इथे का? तू असा तिरका का बसतोस?" घरातली माणसं स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरायला लागत. तेव्हा मामा कुणाकडे, याचा निकाल डॉक्टर आणि त्यांची ताई आपापल्या घरी बसून, कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळून लावत. हरेल त्याच्याकडे मामा. मामांना मात्र सांगितलं होतं, की जिंकेल त्याच्याकडे. भाचरांमध्ये आपल्यासाठी एवढी चुरस, या विचाराने मामांचे डोळे भरून येत.

डॉक्टर दरवर्षी हरत.

"माझी गाडी वळणावर अडखळते गं ताई. कॉम्प्युटर जुना आहे."

"माझाही जुनाच आहे. तू रडका आहेस."

हे डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. यंदा खास खेळण्यासाठी सुटे भाग निवडून कॉम्प्युटर बांधून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. मग दुकानदाराने समजावलं, की चित्रं रंगवणारं कार्ड दांडगं आणि त्याला काम पुरवणारा प्रोसेसर मवाळ असेल, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. डॉक्टरांनी दांडगा प्रोसेसर घेतला. आता कार्ड मवाळ वाटायला लागलं. मोठं कार्ड निवडलं, तर ते कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना. मोठी पेटी निवडली. एवढ्या सगळ्याला वीज पुरवायला पॉवर सप्लाय मोठा लागला. डॉक्टर जेवताना मध्येच उठून फोन करत, झोपेत कुशी बदलत, आणि सकाळी निवडही बदलत.

"आपलं लग्न एका चहात ठरलं होतं," बायको म्हणाली.

"तेव्हा पर्याय कुठे होते?" डॉक्टर बोलून गेले, आणि त्या दिवशी त्यांना बाहेर जेवावं लागलं.

अखेर शर्यतीच्याच दिवशी दुपारी सगळे भाग बसवलेली पेटी आली. ती टेबलाखालच्या कप्प्यात शिरेना. सुताराला बोलावून कप्प्याची फळी कापली. पेटी शिरली, पण अशी घट्ट, की तिची पाठ जवळजवळ भिंतीला टेकली. मॉनिटरची वायर बघून लावायला जागाच उरली नाही.

"पेटी बाहेर काढू का?" सुताराने विचारलं.

"छे! वेळ कुठे आहे? अक्कलदाढेच्या मागे न बघता हात घालणारा माणूस आहे मी!" डॉक्टरांनी हात पेटीमागे सारला, बोटांनी चाचपलं, पहिली खाच लागली तिच्यात वायर खुपसली. पडदा उजळला. डॉक्टरांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

शर्यत सुरू झाली. पहिल्याच वळणावर डॉक्टरांची गाडी अडखळली, मग झटके खात पुढे गेली, आणि तोवर ताई कधीच पोचली होती.

"मामांना फरसाण आवडतं, आणून ठेव," ताईने फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा आले. नळ पाहिला, कपाट पाहिलं, आणि टेबलाशी येऊन वाकले.

"या फळीला काय उंदरांनी कुरतडलं?" पुढे त्यांनी पेटीच ओढून बाहेर काढली. "काय रे, हे एवढं मोठं कार्डाचं धूड आत बसवलंय, त्याच्या खाचांत एकही वायर नाही? मॉनिटरची वायर तर वर भलतीकडेच!"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. मॉनिटर प्रोसेसरच्या तुटपुंज्या चित्रांवर चालला होता, आणि जिवापाड निवडलेलं कार्ड आत नुसतं बसून होतं. त्यांनी वायर खालच्या, कार्डाच्या खाचेत लावली. खेळून पाहिलं, तर गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी पळाली. त्यांनी ताईला फोन लावला.

"शर्यत पुन्हा! वायर चुकली होती!"

ताई हसून तयार झाली. मामा मात्र गोंधळले. "अरे, जिंकलास म्हणूनच मी इथे आलो ना? मग पुन्हा कशाला?"

"ताईचं म्हणणं, की... तिला आणखी एक संधी हवी."

मामांचे डोळे भरून आले. "पोरगी किती माया करते! पण मी आता इथे रुळलोय. सरक. तुझ्या वतीने मी खेळतो."

"मामा, तुम्ही कशाला उगाच..."

"गप बस. नीट बसायला येत नाही तुला, गाडी काय चालवणार?"

मामा दिवसभर सरावाला बसले, आणि संध्याकाळी जीव तोडून खेळले. ताईचा त्यांनी दणदणीत पराभव केला. म्हणजे खऱ्या पैजेप्रमाणे मामा ताईकडे जायला हवे होते. पण हे त्यांना सांगणार कोण? फोनवर ताईला हसू आवरत नव्हतं.

"आता मी कुठे हलत नाही," मामा खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "महिना कसला? हे यंत्र आहे तोवर इथेच."

डॉक्टर गॅलरीत गेले, दार लोटलं आणि दुकानदाराला फोन लावला.

"ताईच्या घरी एक कॉम्प्युटर पाठवा. माझ्याकडे आहे त्यापेक्षा मोठा. उद्याच्या उद्या."

"बरं. आधी प्रोसेसर ठरवू या, की कार्ड?"

"दुकानात समोर असेल ते!"

"आणि वायर लावायला माणूस पाठवू?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "वायर लावायला आमचे मामा जातील."