हुंकार फत्ते केल्याची हकीकत, मुक्काम गिरीज

श्रोते सज्जनांचे सेवेशी ऐसीजे : शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख मासी, मौजे गिरीज येथील केळीच्या वाडीत जादूच्या दोन पातशाह्यांमध्ये जें तुंबळ जाहलें, तें तपशीलवार लिहितों, यांत तिळमात्र पदरचें नाही, असलेंच तर मूठभर.

त्या मुलखीं कथाबहाद्दर, वाडीनशीन बॅप्टिस्ट आजोबा, उमर एकाहत्तर, दर उन्हाळी सुटींत सांजप्रार्थना आटोपतांच ओट्यावर बसून पोरांस जादूच्या कथा सांगत, आणि कायदा असा की पोरांनी 'हूं' म्हणत जावें, आणि हुंकार थांबला की कथा थांबे. आजोबांची जादू जुन्या रिवाजाची : चेटकीण मंत्र म्हणे, आणि बदल्यांत कधी केस, कधी डोळा, कांहीं ना कांहीं तिचें जाई. परंतु यंदा नात टिफनी आणि तिचे तीन सवंगडी यांनी मोबाईलचा खेळ हाती धरिला, आणि लागोपाठ चार सांजा एकही हुंकार आला नाही. पॉलिन आजींनी स्वयंपाकघरांतून निकाल दिला, "कोन ऐकनार तुमचं आता? जेवून घ्या गुमान."

मग आजोबांनी शत्रूचे गोटांत शिरण्याची मसलत केली आणि स्वतः खेळांत दाखल जाहले. टिफनीने त्यांस अग्निमंत्राचें बटण बहाल केलें, आणि समोरून सात तोंडांचा सर्प चालून आला. परंतु आजोबांनी बोट अधांतरी धरिलें आणि पुसिलें की, याचे बदल्यांत माझें काय जाईल? तोंवर सर्पाने अवघी फौज गट्ट केली.

"आजोबा, काही जात नाही हो! मंत्राची निळी पट्टी संपते, तीस सेकंदांत परत भरते. दाबायचं फक्त!" टिफनी ओरडली.

आजोबा तात्काळ पदच्युत जाहले. परंतु गडी वस्ताद! मंत्र सुटला की पट्टी भरेतों चारही वीर हात चोळीत बसतात, हें त्यांनी हेरिलें, आणि त्याच फटींत आपल्या कथेचा मोर्चा घातला. पहिल्या फटींत चेटकिणीचा लेक होडीसकट धुक्यांत हरवला, आणि पट्टी भरतांच आजोबा गप्प. दुसऱ्या फटींत होडीला भोक पडलें, आणि आजोबा पुन्हा गप्प. तिसऱ्या फटींत चेटकिणीने मंत्र म्हटला, आणि धुकें फाटलें, आणि लेक किनारीं लागला, मग तिने त्यास हाक मारावयास तोंड उघडिलें, तों आवाजच नाही.

निळी पट्टी भरली. बटण कोणी दाबिलें नाही.

"मग तिचा आवाज किती सेकंदांत भरला?" टिफनीने विचारिलें.

"नाय भरला, बाय. कधीच नाय."

सर्पाने चारही वीर गिळिले, आणि तिकडे कोणी ढुंकून पाहिलें नाही. मग टिफनी हळूच 'हूं' म्हणाली, आणि मागोमाग तिघे म्हणाले, आणि शेवटला एक हुंकार स्वयंपाकघरांतून आला.

येणेप्रमाणे वैशाख वद्य चतुर्थीस गिरीजचा ओटा सर जाहला. आपले बाजूचें माणूस एकही जाया नाही. भात तेवढा गार जाहला, तो सर्वांनी तसाच खाल्ला.